मोजक्या पैशांत समुद्र हवा असेल तर बालीला जाऊ नका

वाळूतला_खेकडा
बजेट कमी आहे म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: बाली. दुसरा झांझिबार. मालदीवचं नाव काढलं तर लोक हसतात, कारण डोळ्यांसमोर येतो तो पाण्यावरचा बंगला आणि सीप्लेन. पण ते रिसॉर्टचं मालदीव झालं. साधारण 2009-10 पासून तिथे स्थानिक लोकांची वस्ती असलेल्या बेटांवरही गेस्ट हाऊस चालवायला परवानगी आहे. माफुशी, थुलुस्धू, उकुलहास, धिगुरा ही सगळी तशीच बेटं. खोलीतून निघालं की चालत पाण्यात. मास्क लावला की मासे.

बालीत खोली स्वस्त मिळते, मान्य. पण कुटाच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकणाऱ्यांची गर्दी आणि उत्तरेला लोविनाला काळी ज्वालामुखीची वाळू. फोटोतलं निळंशार पाणी बहुतेक वेळा शेजारच्या नुसा पेनिडा बेटाचं नाहीतर लोंबोकजवळच्या गिली बेटांचं असतं, म्हणजे वेगळी बोट आणि वेगळे पैसे. फक्त समुद्रासाठी जाणाऱ्याला मालदीवचं वस्तीचं बेटच परवडतं, या मतावर मी ठाम आहे. खोडून दाखवा.

पायी_फिरस्ता
खोडतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. खोलीचा दर पाहून हुरळू नका, त्याखालचं वाचा. मालदीवचा हरित कर माणशी, दर रात्री: जानेवारी 2025 पासून लहान गेस्ट हाऊसला 6 डॉलर, पन्नास किंवा जास्त खोल्या असतील तर 12. वर पर्यटन जीएसटी, तो जुलै 2025 पासून 17 टक्के. बहुतेक ठिकाणी सर्व्हिस चार्जही लागतो. बालीचा पर्यटक कर दीड लाख इंडोनेशियन रुपिया, फेब्रुवारी 2024 पासून लागू, आणि तो येताना एकदाच भरायचा.

दुसरं म्हणजे बेटाचा जीव केवढासा! दोन दिवसांत सगळ्या गल्ल्या पाठ होतात. मग मांटा (पंखांसारखे कल्ले असलेला मोठा चपटा मासा) बघायला बोट, वाळूच्या दांड्यावर जायला बोट, डॉल्फिनला बोट, सगळं डॉलरमध्ये. जेवणाचं बहुतेक सामान बाहेरून येतं, त्याचा भाव वेगळा. पोहण्याचे कपडे घालून फक्त नेमून दिलेल्या बीचवर वावरायचं आणि दारू अजिबात नाही.

मीठपाणी
दारू नाही हा तोटा कसा? बिल तेवढंच कमी.

उधाण
झांझिबारचं नाव घेऊन पुढे गेलात, म्हणून थोडं सविस्तर. तिथे स्वस्त खोल्या मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर, पाजे आणि जांबियानीला. त्या स्वस्त का आहेत हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही. भरती-ओहोटीतला फरक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास तीन-चार मीटरपर्यंत जातो आणि पूर्वेचा तळ उथळ, सपाट. ओहोटीला पाणी पार लांब प्रवाळ खडकापर्यंत मागे जातं. दुपारी पोहायला उतरावं तर समोर नुसता ओला तळ आणि समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या बायका. मला स्वतःला ते दृश्य आवडतं, तासन् तास चालता येतं. पण फोटो भरतीच्या वेळी काढलेले असतात हे लक्षात ठेवा.

पोहायचंच असेल तर उत्तर टोकाला नुंग्वी किंवा केंडवा. तिथे ओहोटीलाही पाणी मिळतं आणि म्हणूनच खोल्या महाग. शिवाय ऑक्टोबर 2024 पासून परदेशी प्रवाशाला 44 डॉलरचा विमा सक्तीचा. तारीख ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं. फुकट मिळतं, तरी फारसं कोणी बघत नाही.

दक्षिणवारा
सगळे बेटांवर भांडताय आणि महिना कोणीच विचारला नाही! आधी महिना, मग बेट. थायलंड एकच देश, पण मे ते ऑक्टोबर फुकेत आणि लांताला पाऊस आणि खवळलेला समुद्र. त्यातल्या जून ते ऑगस्टमध्ये पलीकडच्या आखातातलं सामुई आणि ताव बरंच कोरडं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला सामुईवर धो धो. श्रीलंकेतही तसंच: डिसेंबर ते मार्च दक्षिणेचं मिरिस्सा, मे ते सप्टेंबर पूर्वेचं अरुगम बे.

ऑफ सीझनची निम्म्या भावाची खोली मिळते, कारण समोर लाल झेंडा लावलेला असतो. स्वस्तात खोली मिळाली, समुद्र नाही. खेकडा, तुम्ही नेमके कधी निघताय?

वाळूतला_खेकडा
जुलैअखेर. आणि ओरडायच्या आत सांगतो, मालदीवला तेव्हा नैऋत्य मोसमी वारे असतात हे ठाऊक आहे. पाऊस सरी-सरीने येतो, दिवसभर नाही. उलट हाच मोसम मांटांचा: जून ते नोव्हेंबरमध्ये बा अटॉलच्या (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) हनिफारू खाडीत त्या जमतात. तिथे डायव्हिंगला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत बघणं), म्हणजे महागड्या कोर्सची गरजच नाही.

पायी_फिरस्ता
बघा मंडळी! दारातला फुकटचा प्रवाळ खडक सोडून हे आता देशांतर्गत विमानाने बा अटॉलला निघाले. जुलै हा बालीचा ऐन कोरडा मोसम आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत कुटा-जिंबारनला समुद्र जो कचरा आणून टाकतो, तो त्रासही तेव्हा नसतो.

मीठपाणी
आणि ऐन मोसम म्हणजे ऐन भाव आणि ऐन गर्दी, हेही लिहा की. जुलै-ऑगस्टमध्ये गिलीला जायची लोंबोक सामुद्रधुनी चांगलीच उसळते. बोट लागणाऱ्याने विचार करावा. मी असतो तर थेट बालीशेजारच्या लोंबोक बेटावर उतरलो असतो. बांगसालहून साधी सार्वजनिक बोट गिली एअरला जाते. बेटावर मोटारगाड्या नाहीत, सायकल नाहीतर पाय. दक्षिणेला सेलोंग बेलानाकची पांढरी वाळू. बालीची गर्दीही नाही आणि मालदीवचे करही नाहीत.

उधाण
लोंबोकला माझंही मत. पण लहान मुलं बरोबर असतील तर गिली एअरच्या किनाऱ्यावर मेलेल्या प्रवाळाचे तुकडे बरेच आहेत, पाण्यात घालायचे बूट न्या.

वाळूतला_खेकडा
मुलं नाहीत, आम्ही दोघंच. बा अटॉल रद्द केलं, त्या विमानाच्या मुद्द्याला उत्तर नाही. पण मालदीव सोडत नाही. धिगुराला जाऊ. लांबच लांब किनारा आहे आणि दक्षिण अरी भागात व्हेल शार्क वर्षभर दिसतात, मोसमाची भानगड नाही.

पायी_फिरस्ता
धिगुरा उत्तम. आता मालेहून तिथवरच्या स्पीडबोटीचं दोघांचं जाऊन-येऊन भाडं आणि व्हेल शार्कच्या एका फेरीचे पैसे इथे लिहा. मी लोंबोकचा हिशोब मांडतो. मग बोलू.