मदत हवी आहे: आठवा आठवडा, दिवसभर मळमळ, आणि घरात अजून कुणालाच सांगितलेलं नाही

सकाळी सव्वासातची एसटी. परभणीहून माझ्या शाळेचं गाव चाळीस मिनिटांवर आहे. गेले दोन आठवडे खिडकीची जागा मिळाली नाही तर मी ती गाडी सोडून देते. मधे उभं राहिलं की डिझेल, कुणाच्या केसांचं तेल, कुणाच्या डब्यातला लसणाचा ठेचा, सगळं एकदम नाकात जातं आणि तोंडाला पाणी सुटतं. पर्समध्ये पिशव्या ठेवते. दोनदा लागल्या.

शाळेत अकराच्या सुमारास खिचडीची फोडणी बसते. माझा दुसरीचा वर्ग स्वयंपाकाच्या खोलीला लागून आहे. काल पाढे म्हणून घेता घेता मी तशीच बाहेर पळाले. मुलं घाबरली. एक पोरगी मागं मागं पाणी घेऊन आली, "बाई, पित्त झालंय का?" मी हो म्हणाले.

आज सात आठवडे पाच दिवस. मागच्या वर्षीही दिवस राहिले होते. सातव्या आठवड्यात गेलं. तेव्हा सासरी, माहेरी, शाळेत सगळ्यांना सांगून झालं होतं, मग एकेकाला परत सांगावं लागलं. म्हणून या वेळी तीन महिने पूर्ण होईपर्यंत आम्हा दोघांशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. पण घरात सासू-सासरे, दीर, जाऊबाई. उलटीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी न्हाणीत बादलीतलं पाणी ओतत बसते. आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि मी ते असं घालवते. याचं फार वाईट वाटतं.

नऊ दिवसांवर महालक्ष्म्या आहेत. सोळा भाज्या, पुरण, आंबील, वडे, आणि सगळं सोवळ्यात उपाशीपोटी. मी रिकाम्या पोटी अर्धा तास उभी राहू शकत नाही.

परभणीतल्या बाई डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, ठोके दिसले. फोलिक ॲसिड चालू आहे. रात्री घ्यायची एक गोळीही दिली, डॉक्सिलामीन आणि पायरिडॉक्सिनची. ती पाच दिवस पर्समध्येच पडून आहे. एक तर पहिल्या तीन महिन्यांत गोळी नको असं लहानपणापासून ऐकलंय. आणि दुसरं कारण इथेच लिहू शकते. मागच्या वेळी मळमळ एका सकाळी अचानक थांबली होती. मला बरं वाटलं म्हणून मी त्या दिवशी पोटभर जेवले. तीन दिवसांनी कळलं. आता गोळीनं मळमळ थांबली तर मला कसं कळणार की आत सगळं ठीक आहे?

वजन आधी ५२ होतं, काल शाळेच्या गावातल्या उपकेंद्रात ५०.२ भरलं. पोटात काय टिकतं, गोळी घेऊ की नको, आणि महालक्ष्म्यांचं काय करू, एवढं कुणी सांगा.

प्रतिसाद, लातूरहून

अगं बाई, आधी तर ते बादलीतलं पाणी ओतणं सोड. दमायलीस तू त्यात.

मला दोन्ही वेळेस चौदाव्या आठवड्यापर्यंत होतं. माझं शिकलेलं सांगते. उशाशी डब्यात ज्वारीच्या लाह्या ठेव. डोळे उघडले की उठायचं नाही, आडवं पडूनच मूठभर लाह्या सावकाश चावायच्या, मग पंधरा-वीस मिनिटांनी उठायचं. पोट रिकामं राहिलं की उमासे जास्त येतात. म्हणून तीन वेळा जेवायच्या भानगडीत पडूच नको, दोन दोन तासांनी चार घास खा.

गरम अन्नाला वास असतो, गाराला नसतो. हे मला फार उशिरा कळलं. रात्रीच ज्वारीच्या कण्या शिजवून गार करायच्या आणि सकाळी ताक घालून खायच्या. दहीभात चालतो, फोडणी न देता. चुरमुऱ्यांची सुशीला खावीशी वाटली तर फोडणी दुसऱ्या कुणाला तरी देऊ दे, तू गार झाल्यावर लिंबू पिळून खा. भाकरी गरम असताना मला नको व्हायची, शिळी भाकरी मात्र बरोबर उतरायची. येसराची आमटी, काळा मसाला, करडईचं तेल तापल्याचा वास, यांच्यापासून लांबच राहा.

पाण्याचाही वास येतो. आमच्याकडं टँकरचं पाणी होतं, घोट घेतला की बाहेर. जेवताना पाणी पिऊच नको, मधल्या वेळात घोट घोट पी. मोसंबी सोलून गार करून ठेव, तिचा रस टिकतो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणीही टिकतं.

आणि दात घासताना उमासे येतात म्हणून कुणी मिश्री लाव म्हणेल. मला माझ्या चुलतसासूनं सांगितलं होतं. अजिबात लावू नको, तो तंबाखूच आहे.

प्रतिसाद

तुझ्या सासूबाईंना कळलं असणार. दोन लेकरं झालेल्या बाईपासून हे लपत नाही. त्या तुझ्या सांगण्याची वाट बघत असतील.

प्रतिसाद

गोळ्या कशाला घेता? आमच्या गावात एक वैदूबाई काढ्याची पुडी देतात, तीन दिवसांत उलटी बंद. पत्ता हवा असेल तर सांगते.

प्रतिसाद, नांदेड जिल्ह्यातून. ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं

पुडीत काय आहे हे ज्या पुडीवर लिहिलेलं नाही ती गरोदरपणात घेऊ नये. वरच्या ताईंचा हेतू चांगलाच आहे, पण अशी पुडी खाऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आता गोळीचं. गोळीची भीती उगाच आलेली नाही. १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड नावाचं औषध कितीतरी देशांत गरोदरपणातल्या मळमळीवर दिलं गेलं आणि हजारो बाळं हातपाय अपुरे घेऊन जन्मली. तेव्हापासून "पहिले तीन महिने गोळी नको" हे घराघरांत बसलं. पण तुझ्या पर्समधली गोळी ती नव्हे. पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, आणि डॉक्सिलामीन हे ॲलर्जीवरच्या जुन्या औषधांच्या घरातलं. ही जोडी १९५६ पासून वापरात आहे. अमेरिकेत कोर्टकचेऱ्यांना कंटाळून कंपनीनं १९८३ मध्ये ती बाजारातून काढली. त्यानंतर जन्मजात दोषांचं प्रमाण कमी झालं नाही, पण उलट्यांमुळे दवाखान्यात भरती होणाऱ्या बायका वाढल्या. २०१३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं ती पुन्हा मंजूर केली. गोळी हळूहळू विरघळते, म्हणून रात्री घेतली की सकाळी काम करते. चघळायची किंवा फोडायची नाही. गुंगी येते, त्यामुळे पहिली गोळी दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल त्या रात्री घे. दोन-तीन दिवसांत फरक वाटला नाही तर आपल्या मनानं वाढवू नकोस, डॉक्टरांना फोन कर.

तुझा दुसरा प्रश्न वाचून थोडा वेळ थांबले. मागच्या वेळी मळमळ आधी थांबली आणि मग कळलं, म्हणून तुझ्या मनात ती गाठ पक्की बसली. पण ती गोळीनं थांबलेली नव्हती. गोळी तुझ्या मेंदूला येणारी उलटीची हाक दाबते, वारेचं, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या अवयवाचं, काम ती थांबवत नाही. २०२३ च्या डिसेंबरात 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक संशोधन आलं. वारेकडून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं. दिवस राहण्याआधी ज्यांच्या शरीराला त्याची सवय नसते त्यांना त्रास जास्त होतो. गोळी घेतलीस तरी ते येतच राहणार. आणि मळमळ रोज सारखी नसते. नवव्या आठवड्याच्या आसपास ती सर्वांत जास्त असते, मग उतरते, बहुतेकींची चौदा-सोळा आठवड्यांत जाते. एखादा दिवस बरा गेला तर तो बराच समज. तरी जीव लागत नसेल तर पुढच्या तपासणीची तारीख अलीकडे मागून घे. मागच्या वर्षीचं सांगितलंस तर कुठलीही डॉक्टर समजून घेईल.

वजनाचं: ५२ किलोचे पाच टक्के म्हणजे २.६. काटा ४९.४ च्या खाली गेला तर घरी थांबायचं नाही. एकाच काट्यावर, आठवड्यातून एकदा मोज. त्याआधीही दिवसभरात पाण्याचा घोटही टिकला नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती चहासारखी गडद झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटीत रक्त दिसलं, ताप आला, ओटीपोटात दुखलं किंवा अंगावरून गेलं, तर सरळ दवाखाना. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला सलाईन, औषधं, तपासण्या मोफत आहेत, १०२ ला फोन केला की गाडी येते. बरेच दिवस पोटात काही टिकलं नसेल तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यावं लागतं. ते दिलं का, हे विचारायला लाजू नकोस.

लोहाच्या गोळ्या आत्ता कुणी दिल्या तर डॉक्टरांना विचार, त्यांनी मळमळ वाढते. आपल्याकडे त्या चौथ्या महिन्यापासूनच सुरू करतात. सध्या फोलिक ॲसिड मात्र चुकवू नकोस. आणि भाजलेली माती खावीशी वाटली तर खाऊ नकोस, तपासणीला आल्यावर ते सांग, रक्त कमी असल्याची खूण असू शकते.

धागाकर्ती

नांदेडच्या ताई, "गोळी घेतलीस तरी ते येतच राहणार" हे वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं. शनिवारी रात्री पहिली गोळी घेतली. रविवारी अकरापर्यंत झोपले, जाऊबाई दोनदा बघून गेल्या. सोमवारी एसटीत खिडकी मिळाली नाही तरी बसले. मळमळ आहे, पण उलटी दिवसातून सहा-सात वेळा व्हायची ती आता दोनदा होते. लाह्यांचा फार उपयोग झाला. शाळेत मुख्याध्यापक सरांना फक्त एवढंच सांगितलं की तब्येत बरी नाही, खोली बदलून द्या. त्यांनी काही न विचारता तिसरीची खोली दिली.

धागाकर्ती, बारा दिवसांनी

लिहायला उशीर झाला. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या संध्याकाळी मी सासूबाईंजवळ गेले. आत्या, मला उद्याचा उपास जमायचा नाही, एवढंच म्हणाले. त्या भाज्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्हाणीत रोज पाणी ओततीस, मला ऐकू येत नाही व्हय?" मला रडूच आलं. मग त्यांनी सांगितलं की ह्यांच्या आधी त्यांचंही एक गेलं होतं, पाचव्या महिन्यात. सतरा वर्षांच्या होत्या. कुणी त्यावर बोललंच नाही.

दुसऱ्या दिवशी वडे आणि पुरण अंगणातल्या चुलीवर झालं. मला देवघरात बसवून सोळा भाज्या निवडायला दिल्या, कच्च्या भाज्यांचा मला वास येत नाही. नैवेद्य व्हायच्या आधीच त्यांनी मला वाटीभर आंबील आणून दिली. देवीला आधी असं करतात का, मी विचारलं, तर म्हणाल्या, "तिला कळतं." गार होती, ताकातली. ती टिकली. त्यानंतर रोज सकाळी तीच घेते.

काल काटा ५०.१ होता. पुढची सोनोग्राफी सोमवारी आहे, सासूबाई सोबत येणार आहेत.

एक विचारायचं राहिलं. त्यांनी आलेपाकाच्या वड्या करून ठेवल्यात. मला त्या रिकाम्या पोटी जळजळतात, पण एसटीत चघळल्या तर बरं वाटतं. रात्रीच्या गोळीबरोबर चालतात ना? दिवसाला किती खाव्यात?