उणिवा ठाऊक असूनही छापखान्यांत पेजमेकर का टिकला?

वाचनखोली (प्रश्न)
आमच्या वाचनालयाची जुनी स्मरणिका संकेतस्थळावर ठेवायची होती. छापखान्याकडून मिळालेली, पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमधली फाइल घरच्या संगणकावर उघडली, तेव्हा मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसला. फॉन्ट परिवर्तक वापरल्यावर मजकूर देवनागरीत आला खरा, पण रफार एक घर पुढे सरकले होते : 'धर्म'चा 'धमर्' आणि 'कार्य'चे 'कायर्'. दीडशेहून अधिक पाने आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचून दुरुस्त केली. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणारी पद्धत, तिच्या 1991 सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, विंडोज 2000 मध्ये देवनागरीची सोयही आली. उलट पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001 सालची, आणि तिला युनिकोड कळत नाही. मग छापखाने इतकी वर्षे त्यालाच का धरून राहिले?

जुना जुळारी
आमच्या छापखान्यात अजूनही पेजमेकर आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. त्याच्या मर्यादा आम्हाला माहीत नाहीत असे मुळीच नाही. परंतु सकाळी अकराला लग्नपत्रिकेचे गिऱ्हाईक येते आणि त्याला संध्याकाळी प्रूफ हवे असते. अशा वेळी मी त्याच्या थोरल्या मुलीची पत्रिका उघडतो, नावे, तिथी आणि कार्यालयाचा पत्ता बदलतो, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ तशीच ठेवतो, आणि काम हातावेगळे होते. अशा हजारो फाइली जुन्या फॉन्टमध्ये आहेत. कामाला येणारी मुले तालुक्याच्या क्लासमध्ये पेजमेकर आणि कोरलड्रॉ हे चित्रे-नक्षी काढण्याचे सॉफ्टवेअरच शिकून येतात, त्यांची बोटे त्याच कळफलकावर बसलेली असतात, आणि छपाईची प्लेट काढून देणाराही तीच फाइल मागतो. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : अनेक ठिकाणी हे सॉफ्टवेअर परवान्याविना, संगणक जोडून देणाऱ्याकडूनच आले, त्यामुळे दुसऱ्याशी किमतीची तुलना करण्याची वेळच कधी आली नाही.

मुद्रितशोधक
जुळारीकाकांचे म्हणणे घरगुती ग्राहकालाही लागू पडते. विंडोजसारखेच संगणक चालवणारे आयबीएमचे ओएस/2 2.0 हे 1992 साली बाजारात आले तेव्हा ते 32 बिटी, म्हणजे तेव्हाच्या विंडोजपेक्षा तांत्रिकदृष्ट्या पुढचे होते आणि त्यावर विंडोजचे कार्यक्रमही चालत. तरी सामान्य माणसाने विंडोजच घेतले, कारण नवा संगणक तेच घेऊन येत होता आणि अडचण आली तर शेजाऱ्यालाही तेच येत होते. ग्राहक सॉफ्टवेअरसोबत त्याच्या भोवतीची माणसेही घेत असतो, आणि हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

मात्र इथे एक बाब सुटते आहे. निवड छापखाना करतो, पण किंमत मोजतो तो काउंटरसमोर उभाच नसलेला माणूस. त्या फाइलीत प्रत्यक्षात रोमन संकेत असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा वेश चढवतो. म्हणून त्यात 'कार्य' शोधले तर सापडत नाही, आणि अंध वाचकाला पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्याला निरर्थक अक्षरे ऐकवते. कागदावरची पत्रिका चार दिवसांनी रद्दीत जाते, तिथे काही बिघडत नाही. स्मरणिका, गावाचा इतिहास, संतसाहित्य यांचे मात्र कायमचे नुकसान होते, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

वाचनखोली
हे पटले. मग यापुढे काम देतानाच, छपाईबरोबर मजकूर युनिकोडमध्येही मिळावा, असे लेखी मागावे का?

जुना जुळारी
जरूर मागा. इनडिझाइन या पाने जुळवण्याच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या सीएस6 या 2012 सालच्या आवृत्तीपासून देवनागरी युनिकोड नीट जुळवता येते, त्यामुळे नव्या पुस्तकासाठी आम्हाला सबब उरलेली नाही. मी स्वतः पुस्तकांची कामे तिकडे वळवली आहेत. सुरुवातीला दुप्पट वेळ लागला, कारण ऑपरेटरला युनिकोडमध्ये टंकण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक नव्याने शिकावा लागला. पत्रिका मात्र, जुन्या फाइली उघडत आहेत तोवर, पेजमेकरमध्येच होतील.