मदत हवी आहे: अ‍ॅम्स्टरडॅमच्या संग्रहालयातील काळे-पांढरे युद्धचित्र छापील आहे की हाताने काढलेले?

सुकाणू
अ‍ॅम्स्टरडॅममधील संग्रहालयांवरचा माझा लेख एका मासिकाकडे गेला आहे आणि उद्या संध्याकाळपर्यंत चित्रओळी पाठवायच्या आहेत. एका चित्राचे माध्यम काय लिहावे, यावर सारे अडले आहे. चित्रात शिडांच्या असंख्य जहाजांची लढाई आहे आणि रंग अजिबात नाही, सर्व काम काळ्या रेषांचे आहे. संपादक त्याला छापील चित्र म्हणतात, माझा सोबती तैलचित्र म्हणतो. कृपया फक्त माध्यम सांगावे. शहराची माहिती माझ्याकडे भरपूर आहे.

दर्यासारंग
कोणत्या संग्रहालयात पाहिलेत? चित्र केवढे आहे, कागदावर आहे की कापडावर, आणि शेजारच्या पाटीवर काय लिहिले होते, हे कळल्याशिवाय कोणीही काही सांगणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

ताम्रपट
अंदाजाची गरजच नाही. सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांचा मोठा व्यापार होता, आणि आरमारी लढायांची चित्रे लोक बातमीसारखी विकत घेत असत. रेषांचे आणि रंगहीन म्हणजे छापील. संपादकांचे बरोबर आहे.

सुकाणू
राइक्सम्युझियममध्ये पाहिले. उंची साधारण माझ्याएवढी आणि रुंदी त्याहून बरीच जास्त आहे. छायाचित्र मोठे करून पाहिल्यास आकाशाच्या पांढऱ्या भागात बारीक तडे दिसतात. याने काय फरक पडतो, ते मात्र समजत नाही.

दर्यासारंग
सगळा फरक त्यानेच पडतो. तडे आहेत याचा अर्थ रेषांखाली तैलरंगाचा थर आहे. लाकडी फळीवर किंवा कॅनव्हासवर सफेद्याचा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाचा, गुळगुळीत थर द्यायचा, आणि तो वाळल्यावर त्यावर टाकाने शाईच्या रेषा ओढायच्या, अशी एक पद्धत तेव्हा होती. थोरले विलेम फान द वेल्डे (1611–1693) यांचा या कामात हातखंडा होता. तुमचे चित्र त्यांचेच असावे.

ताम्रपट
मोठा आकार हा काही पुरावा नाही. त्या काळी भिंतीवर लावायचे नकाशे अनेक कागदांवर छापून, ते जोडून कापडावर चिकटवले जात, आणि त्यांचा आकार पाहून आजही थक्क व्हायला होते.

दर्यासारंग
नकाशांचे मान्य आहे, परंतु मग कागदांचे सांधे ठराविक अंतरावर दिसायला हवेत. सुकाणू, तसे सांधे दिसतात का, एवढे पाहून सांगावे.

रात्रपाळी
तिथे गेलाच होतात, तर लेखात रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’विषयी अवश्य लिहा. 1642 मधील हे चित्र 1715 मध्ये नगरभवनात हलवताना चारही बाजूंनी कापले गेले. 2019 पासून प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, काचेच्या कक्षात त्याचा अभ्यास सुरू आहे. कापलेले भाग संगणकाच्या साहाय्याने तयार करून 2021 मध्ये काही काळ चित्राभोवती लावले होते, आणि 2024 च्या अखेरीस जुने व्हार्निश काढायला सुरुवात झाली.

नांगर
सागरी विषय असेल, तर राष्ट्रीय सागरी संग्रहालय वगळून चालणार नाही. 1656 मध्ये आरमाराचे कोठार म्हणून बांधलेल्या इमारतीत ते आहे आणि धक्क्याला ‘अ‍ॅम्स्टरडॅम’ हे जहाज उभे आहे.

दर्यासारंग
उभी आहे ती प्रतिकृती. मूळ जहाज 1749 मध्ये पहिल्याच सफरीत इंग्लंडच्या हेस्टिंग्जजवळ रुतले आणि त्याचे अवशेष आजही तिथल्या वाळूत आहेत. पण येथे हा प्रश्न कोणी विचारला आहे?

सुकाणू
सांधे कुठेही दिसत नाहीत. पाटीचे वेगळे छायाचित्र सापडले; त्यावर तेर हेइडेची लढाई आणि 1657 असे आहे. पुढच्या बाजूला एका लहान नावेत एक माणूस मांडीवर काहीतरी घेऊन बसला आहे. तो कोळी आहे का?

दर्यासारंग
ही पाटी पहिल्याच प्रतिसादात मागितली होती, असो. चित्र थोरल्या फान द वेल्डे यांचेच आहे. लढाई 10 ऑगस्ट 1653 ची, इंग्रज आणि डच यांच्यातली, जिच्यात डच सेनापती मार्टेन ट्रॉम्प मारला गेला. नावेतला माणूस कोळी नसून स्वतः चित्रकार आहे. लढाई चालू असताना ते लहान जहाजातून जवळ जाऊन जागेवर रेखाटने करीत, आणि तीच पुढे कामी येत. चित्रओळीत ‘कॅनव्हासवर पांढऱ्या तैलथरावर टाक व शाई’ असे लिहावे.

ताम्रपट
तरीही कोरीव छापील चित्रासारखे दिसावे हाच त्या पद्धतीचा हेतू होता, एवढे तरी लिहा. संपादक अगदीच चुकीचे नव्हते.

निळाई
सोबत्यालाही निम्मे गुण द्यायला हवेत, कारण खालचा थर तेलाचाच आहे. फान द वेल्डे यांचा मुलगा, धाकटा विलेम, रंगीत तैलचित्रे काढीत असे. दोघे इंग्लंडला गेल्यावर 1674 मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने दोघांना प्रत्येकी शंभर पौंड वार्षिक वेतन ठरवून दिले, ते वडिलांना लढायांची रेखाटने करण्यासाठी आणि मुलाला त्याच रेखाटनांत रंग भरण्यासाठी. वडिलांचे चित्र रंगाविना का, हे वाचकांना यावरून चांगले समजेल.

प्रवासी पक्षी
तिकिटे आधीच संकेतस्थळावर काढून ठेवावीत, ऐनवेळी मिळतीलच असे नाही.

सुकाणू
जाऊन आलो आहे. माध्यम तसेच लिहितो आणि वेतनाची गोष्टही एका ओळीत घालतो. मात्र माझ्या छायाचित्रात दिव्यांची चकाकी आली आहे आणि संपादकांना ते छपाईयोग्य वाटत नाही.

निळाई
राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर जुन्या चित्रांच्या मोठ्या आकारातील प्रतिमा विनामूल्य उतरवून घेता येतात. चित्रकाराच्या नावाने शोधा आणि वर्ष 1657 असल्याची खात्री करून घ्या, कारण त्यांची शाईची आणखीही युद्धचित्रे त्याच संग्रहात आहेत.