आई-बाबांचा व्हिसा २०३१ पर्यंत, आईचा पासपोर्ट मार्चपर्यंत

नमस्कार मंडळी,

आई-बाबा डिसेंबरात पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत येताहेत. सहा महिने राहतील असा बेत आहे. दोघांचाही बी-२ (पर्यटक) व्हिसा २०३१ पर्यंत आहे, पण बाबांचा जुन्या पासपोर्टवर आहे आणि नवा पासपोर्ट कोरा. आईचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतो. तिकडचा एजंट म्हणतो, "व्हिसा आहे ना, मग झालं. पासपोर्ट अमेरिकेत कॉन्सुलेटमधून नवा करून घ्या." असं चालतं का? तिकिटं अजून काढलेली नाहीत.

(एडिसन)

---

नमस्कार,

तिकिटं काढली नाहीत हे फार बरं झालं.

बाबांचं सोपं आहे. जुना आणि नवा, दोन्ही पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवायचे. जुना पासपोर्ट रद्द झाला तरी त्यावरचा व्हिसा चालतो. फक्त व्हिसाचं पान धड हवं.

आईच्या बाबतीत मात्र एजंटाचं ऐकू नका, हे कळकळीने सांगतो. व्हिसामुळे अमेरिकेच्या विमानतळावर येऊन प्रवेश मागता येतो, एवढंच. किती दिवस राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर, लिहितो. आपल्या आईवडिलांना सहसा सहा महिने मिळतात. पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर अधिकारी पासपोर्टच्या शेवटच्या दिवसापर्यंतचीच तारीख देऊ शकतो. म्हणजे बाबांना जून आणि आईला मार्च! पुढे इथे कॉन्सुलेटमधून नवा पासपोर्ट आला तरी आय-९४ ची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. त्यासाठी मुदत संपायच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो, फी भरून वाट पाहावी लागते. आपला पासपोर्ट मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवा करता येतो. मग हे सगळं कशाला ओढवून घ्यायचं?

(प्रिन्स्टन)

---

नमस्कार,

काकांनी लिहिलंय ते अगदी खरं. थोडी भर घालते.

आय-९४ चा कागद विमानतळांवर २०१३ पासून मिळत नाही, आणि हल्ली पुष्कळदा पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत. त्यामुळे घरी आल्यावर लगेच सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याच्या) संकेतस्थळावर दोघांचं आय-९४ वेगवेगळं उघडून बघा. एकाचं पाहिलं म्हणजे दुसऱ्याचं तेच असेल असं धरू नका. तारखेत चूक वाटली तर ती दुरुस्त करून घ्यायला सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयाकडे जाता येतं.

आणखी एक समज आपल्याकडे फार पसरलाय: नायगाराला कॅनडाच्या बाजूला जाऊन आलं की सहा महिने नव्याने मोजले जातात. तसं धरून चालू नका. तीस दिवसांच्या आत परतलात तर बहुधा जुनंच आय-९४ पुढे चालतं. शिवाय भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

तारखेपलीकडे एक दिवस राहिलं तरी तो २०३१ पर्यंतचा व्हिसा रद्द ठरतो. १८० दिवसांहून जास्त राहून परत गेलं तर तीन वर्षं येता येत नाही, वर्ष उलटलं तर दहा. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं म्हणजे नातवंडांचं सगळं बालपण गेलं हो.

आणि आई-बाबांना एवढं सांगून ठेवा: "किती दिवस राहणार?" असं विचारलं की परतीच्या तिकिटावरची तारीख सांगायची. "मुलगी ठरवेल" असं म्हणायचं नाही.

(पार्सिपनी)

---

काका, ताई, मनापासून आभार. आत्ताच आईशी बोलले. ती या आठवड्यात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घेतेय. नवा पासपोर्ट हातात आल्यावरच तिकिटं काढू. डिसेंबरचं जानेवारी झालं तरी चालेल. तिचाही व्हिसा आता जुन्या पासपोर्टवर राहणार, म्हणजे दोघांचे मिळून चार पासपोर्ट बरोबर ठेवायला सांगितलेत.

(एडिसन)