मदत हवी आहे: थेट मालकाकडून घेतलेली गाडी ठोकलेली निघाली (जळगाव)
मालकाने व्हॉट्सॲपवर ‘गाडी ठोकलेली नाही’ असं लिहून दिलंय. लिफ्टवर चढवली तर उजव्या ॲप्रनवर (बॉनेटखाली चाकाच्या आतल्या बाजूचा पत्रा) कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे जोड) गायब, तिथे ग्राइंडर मारलेला सलग वेल्ड. पेंट मीटरवर (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र) डावं फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) 110 मायक्रॉन, उजवं 430. म्हणजे रंगाखाली पुटी (खड्डे भरायचा लेप) आहे. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभरही पेटत नाही, बहुधा बिघाड लपवायला बल्बच काढलाय. खरी काळजी हीच, गाडीत घरची माणसं बसतात.

पैसे परत हवेत. खासगी विक्रेत्याविरुद्ध ग्राहक आयोगात सहसा दाद लागत नाही, म्हणून करार कायद्याच्या कलम 17 व 19 (फसवणूक आणि त्यामुळे करार रद्द करणं) खाली वकिलाची नोटीस पाठवावी का? मालकी बदलाचे फॉर्म 29-30 आरटीओत अजून दिलेले नाहीत, थांबवू का? जुन्या क्लेमची लेखी माहिती विमा कंपनीकडून कशी काढायची? एअरबॅग मॉड्यूल (एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स) स्कॅन करणारा भरवशाचा माणूस धुळे-भुसावळकडे कोणी आहे का?