जत्रेच्या नाटकात बायकोला पडणाऱ्या मारावर हशा कशाला?

फोंड्याची प्रेक्षक
यंदा गावच्या जत्रेच्या नाटकात दारुडा नवरा बायकोला बडवतो, हा प्रवेश विनोदी म्हणून घातला होता. ती पदर सावरत पळते, तो झोकांड्या खात मागे, आणि प्रत्येक फटक्याला तबल्यावर थाप! देवळापुढचं सगळं आवार हसत होतं, पुढे बसलेली मुलं तर सर्वांत जास्त. दारुड्याच्या बाता, उधारी, फजिती यांवर खुशाल हसवा. पण नेमका फटका बसतो तिथे हशा पिकवला, की मारणं ही गंमत आहे असंच मुलं शिकतात. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळावर लोक पोट धरून हसतात. पण दारुड्या नायकाच्या बायकोच्या, सिंधूच्या, हालांवर गडकऱ्यांनी कुणाला हसवलेलं नाही.

डिचोलीचा हौशी नट
ताई, पालखीनंतर उभं राहणारं नाटक पहाटेपर्यंत चालतं. विनोदी पात्राशिवाय माणसं बसत नाहीत. आपलं कोकणी संगीत नाटक, तियात्र बघा. पहिलं तियात्र 1892 साली मुंबईत झालं, आणि आजही दोन पडद्यांच्या, म्हणजे अंकांच्या, मधे कांतारं, म्हणजे टोले मारणारी गाणी, येतात. त्यांत मंत्री, खाणी, कॅसिनो कुणाचीच गय नसते. हेच भाषणात सांगितलं तर कोण ऐकेल? आमच्याकडे तर देवस्थानची माणसं नि पुढारी पहिल्या रांगेत, म्हणून तालमीतच वाक्यं कापली जातात. त्यात तुम्हीही विषयांवर बंधनं घातली, तर आम्ही पौराणिक नाटकांपलीकडे जायचंच नाही का?

मडगावची वाचक
मला दोघांचंही पटत नाही. ‘एकच प्याला’चा दाखला तर मुळीच नाही. नवऱ्याच्या हातून घायाळ झालेली सिंधू मरताना पोलिसांपुढे त्यालाच वाचवते, आणि प्रेक्षक डोळे पुसत तिला धन्य म्हणतात. सोसणं हाच बाईचा मोठेपणा, हे आपल्या गंभीर नाटकांनीच पिढ्यान्‌पिढ्या पटवलं. मग दोष एकट्या विनोदाला का?

फोंड्याची प्रेक्षक
सिंधूबद्दलचा आक्षेप रास्त आहे, तरी तिथे मार बघून जीव कळवळतो. आमच्या आवारात कुणाचाच कळवळला नाही. आणि दादा, विषय टाळा असं मी कुठे म्हटलं? उलट दारूचा विषय गोव्यात गावोगावी यायला हवा. कांतारात टोला बसतो तो खुर्चीवरच्याला. इथे तो जिला आधीच मार बसतोय तिला बसला. प्रेक्षकांत घरी हेच भोगणाऱ्या बायका असणार, त्यांनी शेजारणीबरोबर हसायचं की उठून जायचं?

डिचोलीचा हौशी नट
तबल्याची थाप काढायला सांगेन. प्रवेश मात्र ठेवायलाच सांगणार. तो गाळला तर त्या बायकांचं घर रंगमंचावर येणारच नाही. आणि गावचा प्रेक्षक हसतो म्हणजे त्याला मार पटतो, हे मला मान्य नाही.

मडगावची वाचक
मग त्या बायकोला दोन वाक्यं तरी द्या. अख्ख्या प्रवेशात ती नुसती पळतेच आहे.