संकेतस्थळाची नवी मांडणी: ‘इतर’मध्ये पडलेल्या गोष्टींना जागा हवी

प्रेषक: संकेतस्थळ समिती
प्रति: मराठी मंडळाचे सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आपले पेटीवाले काका गेले. शोकसभेत ठेवायला वहिनींना त्यांचा २००८च्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमातला फोटो हवा होता. फोटो आपल्या संकेतस्थळावर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो मीच चढवला होता. तरी तो सापडायला रात्रीचे पावणेतीन तास गेले. ‘कार्यक्रम’मध्ये नाही, ‘संस्कृती’मध्ये नाही. शेवटी ‘इतर’च्या एकोणिसाव्या पानावर, हॉलची चावी हरवल्याच्या सूचनेखाली मिळाला. तोवर वहिनींचे दोन फोन येऊन गेले होते, आणि दोन्ही वेळा मला ‘शोधतेय’ एवढंच सांगता आलं.

ज्या कंत्राटदाराने आपल्याला संकेतस्थळ बांधून दिलं, त्याने पाच खण पाडून दिले: बातम्या, कार्यक्रम, संस्कृती, पाककृती आणि इतर. तेव्हा आपल्याकडे वीस-पंचवीस नोंदी होत्या, पाच खण पुरले. आज स्मरणिका, शाळेचे धडे, इतिवृत्तं, फोटो, गाण्यांचे शब्द असं सगळं त्याच पाच खणांत कोंबलेलं आहे. खणाची अडचण अशी की तो एकच प्रश्न विचारतो, ‘हे कुठे ठेवू?’ शोधायला येणारा माणूस मात्र दर वेळी वेगळाच प्रश्न घेऊन येतो.

आपलं संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या प्रणालीवर आहे. त्यात कॅटेगरी (खण) आणि टॅग (सुट्या शब्दांची खूण) या दोन तयार पद्धतींशिवाय आपल्याला हवं तसं वर्गीकरण स्वतः बनवता येतं. कस्टम टॅक्सॉनॉमी म्हणतात त्याला. २०१०च्या ३.० आवृत्तीपासून त्यात झाडासारख्या फांद्याही पाडता येतात. एकाच नोंदीला अशी चार-पाच वर्गीकरणं लावता येतात. माझ्या डोक्यात निमित्त, प्रकार, वर्ष आणि व्यक्ती अशी चार आहेत. काम मोठं आहे आणि त्यातलं निम्मं यंत्राने होणारं नाही. म्हणून करायला घेण्याआधी सगळ्यांना विचारते आहे.

— संकेतस्थळ समितीकडून

*

प्रेषक: ग्रंथालय

ताई,

तुझं पत्र वाचून मला माझा ग्रंथालयशास्त्राचा वर्ग आठवला. तू जे लिहिलंस ते आपल्याकडच्या एका माणसाने १९३३मध्ये मांडून ठेवलं आहे. शियाळी रामामृत रंगनाथन. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. मूळचे गणिताचे प्राध्यापक, म्हणून विद्यापीठाने त्यांना ग्रंथालयाचं शिक्षण घ्यायला लंडनला पाठवलं होतं. तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनो या मुलांच्या जोडखेळाचा संच पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की कधी क्रेन, कधी पूल. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, हे त्यांना तिथे सुचलं. त्यातून त्यांची द्विबिंदू (कोलन) वर्गीकरण पद्धती आली.

त्याआधीची ड्युईची दशांश पद्धत १८७६ची. ती म्हणजे सगळे खण आधीच पाडून ठेवलेलं मोठं कपाट. मराठी साहित्याला त्यात ८९१.४६ हा क्रमांक आहे. इथे परदेशातल्या सार्वजनिक वाचनालयात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या एका क्रमांकाखाली आपली पुस्तकं उभी बघून डोळे भरून आले होते. पण आत शिरल्यावर कळतं की पहिल्या विभागणीतच तुमची जागा ठरून गेलेली असते. रंगनाथन म्हणाले, जागा आधी ठरवू नका, वस्तूला प्रश्न विचारा. मुख्य विषय कोणता, कशाची बनली आहे, क्रिया कोणती, स्थळ कोणतं, काळ कोणता. पाच प्रश्न. ज्याचं उत्तर असेल ते लिहा, नसेल ते सोडा.

तुझी चार वर्गीकरणं याच जातीची आहेत, म्हणून माझा पूर्ण पाठिंबा. फक्त दोन गोष्टी. ‘संस्कृती’ हा शब्द नव्या मांडणीत कुठेही नको. आपल्या मंडळात जे होतं ते सगळंच संस्कृती आहे, त्यामुळे त्या पाटीने काहीच वेगळं निघत नाही. आणि निमित्ताला महिन्याचं नाव देऊ नका. मध्यंतरी आपण ‘सप्टेंबरचे कार्यक्रम’ असं पान केलं होतं, आठवतं? गणेश चतुर्थी २०२३मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२५मध्ये २७ ऑगस्टला. अर्धे गणपती त्या पानावर, अर्धे दुसरीकडेच.

शब्दांची यादी मात्र बंद ठेव. ज्याला जे सुचेल ते टंकू दिलंस तर ‘पाडवा’, ‘गुढीपाडवा’, ‘गुढी पाडवा’ असे तीन ढीग होतील. त्यात दिवाळीचा पाडवा मिसळला की संपलंच.

— मावशी

*

प्रेषक: माजी सचिव

स. न. वि. वि.

कल्पना चांगली आहे. माझी काळजी जुन्या दुव्यांची. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत शेवटच्या पानावर आपण क्यूआर कोड छापला होता, तो ‘पाककृती’च्या पानावर नेतो. ती स्मरणिका लोकांच्या घरी अजून आहे. माझ्या बहिणीकडे साताऱ्यालाही आहे. छापलेला कागद आता दुरुस्त करता येत नाही. तो कोड उघडला आणि ‘पान सापडले नाही’ आलं, तर माणूस पुन्हा येत नाही.

दुसरं, ‘वर्ष’ म्हणजे कोणतं? आपली कार्यकारिणी जूनमध्ये बदलते. २०१४ची संक्रांत २०१३च्या कार्यकारिणीने केली होती. हिशेबाच्या कागदांत ती २०१३मध्ये आहे. मी सचिव असताना या एका गोष्टीवरून दोन बैठका गेल्या आहेत.

कळावे.

*

प्रेषक: संकेतस्थळ समिती

काका, मावशी,

दोघांचेही मुद्दे जसेच्या तसे घेतले आहेत.

दुव्यांचं असं आहे. नोंदीचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून आपोआप नव्यावर पाठवतं. वर्गाच्या पानासाठी ते असं करत नाही, तिथे आपल्यालाच ३०१चा, म्हणजे ‘हे पान कायमचं तिकडे हलवलं आहे’ असं सांगून नव्या पत्त्यावर पाठवणारा फलक लावावा लागतो. पाचही जुन्या खणांसाठी तो लावणार आहे. आपल्या नोंदींच्या पत्त्यात वर्गाचं नाव येत नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने दुवे जागेवरच राहतील. स्मरणिकेतला कोड मी नव्या मांडणीत रोज एकदा फोनने उघडून बघेन.

वर्ष म्हणजे प्रसंग ज्या इंग्रजी वर्षात घडला ते वर्ष. कार्यकारिणीचं वर्ष फक्त इतिवृत्तं आणि हिशेब यांना, वेगळं.

या वर्षाने मला शनिवारी चांगलंच अडकवलं. चाचणीच्या प्रतीवर मी वर्गीकरणाचं आतलं नाव नुसतं ‘इयर’ ठेवलं. २००८वर टिचकी मारली तर पान कोरं. तासभर कळेना. हा शब्द वर्डप्रेसने स्वतःसाठी राखून ठेवला आहे, नोंद प्रसिद्ध झाल्याच्या तारखेसाठी. आपलं सगळं जुनं साहित्य २०१६मध्ये एकदम चढवलं गेलं. म्हणजे वर्डप्रेसच्या लेखी २००८मध्ये आपल्याकडे काहीच झालेलं नाही. नाव ‘प्रसंग-वर्ष’ केलं आणि सगळं जागेवर आलं. पुढे कोणी दुसऱ्या मंडळाचं काम करत असेल तर हे लक्षात ठेवा. शिवाय ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे नोंद लिहायच्या चौकटीत, नवं वर्गीकरण दिसावं म्हणून ‘शो इन रेस्ट’ ही सोय चालू करावी लागते, आणि सगळं झाल्यावर पर्मालिंक्सच्या (पत्त्यांच्या मांडणीच्या) पानावर जाऊन एकदा ‘सेव्ह’ दाबावं लागतं. नाहीतर नवी पानं उघडतच नाहीत.

यादी बंदच ठेवते, मावशी. टंकायची चौकट नाही, खुणा करायची यादी. नवा शब्द हवा तर समितीला सांगायचं.

*

प्रेषक: मराठी शाळा

नमस्कार ताई,

मी इथेच वाढलो, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे. शाळेतली मुलं आणि त्यांचे बरेचसे आईबाबा रोमन अक्षरांत शोधतात. कोणी मंगळागौर लिहिताना शेवटी ‘एयू’ लावतं, कोणी नुसता ‘ओ’. वर्गीकरणाच्या वर्णनात ही सगळी रोमन रूपं लिहून ठेवता येतील का?

आणि पत्त्यात देवनागरी नको. दिसायला छान वाटतं, पण दुवा कॉपी करून पाठवला की प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात, टक्क्यांच्या खुणांसकट. वर्डप्रेस पत्त्यातल्या नावाला दोनशेच चिन्हं देतं. म्हणजे काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजून जेमतेम बावीस. शाळेच्या ‘दुसरीच्या मुलांसाठी पावसाची गाणी’ या पानाचा पत्ता असाच मध्येच तुटला आहे. नाव देवनागरीत, पत्ता रोमनमध्ये असं करूया.

एक विनंती आहे. ‘व्यक्ती’ हे वर्गीकरण सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. मुलांची नावं आणि फोटो असे एका टिचकीवर एकत्र आले तर बऱ्याच पालकांना ते आवडणार नाही. मलाही आवडणार नाही.

— शाळेचा दादा

*

प्रेषक: संकेतस्थळ समिती

दादा, बरोबर आहे. ‘व्यक्ती’ आतल्या आत ठेवते. समितीला दिसेल, शोधता येईल, पण त्याचं सार्वजनिक पान बनणार नाही. मुलांची नावं त्यात घालायचीच नाहीत. मोठ्यांची त्यांना विचारून, आणि जे गेले त्यांची घरच्यांना विचारून.

आता रविवारचं सांगते.

कम्युनिटी सेंटरच्या छोट्या खोलीत आम्ही सतरंजी अंथरली आणि सत्तर नोंदींची नावं चिठ्ठ्यांवर लिहून मधे ठेवली. शाळेची चार मुलं होती, मावशी होत्या, आणि मुलीकडे आलेल्या तीन आज्या. ‘तुम्हाला जे एकत्र वाटतं ते एकत्र ठेवा’ एवढंच सांगितलं. मी खात्रीने धरून चालले होते की ‘तिळगुळाच्या वड्या, शंभर जणांचं प्रमाण’ ही चिठ्ठी पाककृतीत जाणार. मिरजेच्या आजींनी ती उचलून हळदीकुंकवाच्या निमंत्रणाशेजारी ठेवली. वर ‘वाणाची यादी’ ठेवली. शेजारी बसलेल्या मुलाने तीच चिठ्ठी उचलली आणि चिवड्याजवळ नेली. आजी म्हणाल्या, ‘अरे, वड्या का कोणी एरवी करतं?’ तो म्हणाला, ‘पण आजी, मला करायच्या असतील तर मी खायच्या गोष्टींतच बघणार ना.’

दोघांचंही बरोबर होतं. मी त्या चिठ्ठीची आणखी एक प्रत लिहिली आणि दोन्हीकडे ठेवली. निमित्त आणि प्रकार वेगवेगळे का हवेत हे मला याआधी इतकं नीट समजावता आलं नव्हतं.

आज्यांमुळे एक वर्गीकरण वाढलं, ‘कोणासाठी’. इतिवृत्तं, हॉलचे नियम, वर्गणीचे फॉर्म त्यांनी बाजूला सारले, ‘हे आमचं नव्हे, कमिटीचं’ म्हणून. त्यांना हवं होतं ते म्हणजे मुलांना म्हणून दाखवायची गाणी, आणि नव्याने आलेल्या सुनेला सांगायच्या गोष्टी: इथे नारळ कुठे मिळतो, पूजेला गुरुजी कोण, बर्फात चालायला बूट कोणते. हे सगळं आपल्याकडे लिहिलेलं आहे. आठ वर्षं ‘बातम्या’मध्ये पडून आहे. आता ‘नवीन आलेल्यांसाठी’ अशी पाटी पहिल्या पानावर येईल.

जुने वर्ग सरसकट नव्या वर्गीकरणात ढकलायची आज्ञा आहे. पाककृतींसाठी तीच वापरली, पाच मिनिटांत झालं. ‘इतर’साठी तिचा काही उपयोग नाही, कारण ‘इतर’मधल्या नोंदींना एकत्र बांधणारं काही नाहीच. त्या एकेक उघडून, वाचून, खुणा करत जावं लागेल. मी रोज रात्री वीस करते आहे. मावशींनी १९९८पर्यंतच्या स्मरणिका घेतल्या आहेत, दादाने शाळेच्या सगळ्या. काका, इतिवृत्तं तुम्ही घ्याल का? ती सही कोणाची आणि बैठक कोणती हे तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही.

पेटीवाल्या काकांच्या फोटोवर मी पहिली खूण केली. निमित्त: नाट्यसंगीत संध्या. प्रकार: छायाचित्र. वर्ष: २००८. वहिनींना विचारून त्यांचं नाव आत नोंदवलं. फोटोत त्यांच्या डाव्या हाताला तबल्यावर एक गृहस्थ आहेत. चष्मा, फिकट निळा झब्बा, मान खाली. वहिनींनाही नाव आठवत नाही. ते पाहुणे म्हणून आले होते की इथलेच होते हेही कळत नाही. दुवा सोबत जोडते आहे. त्या संध्याकाळी हॉलमध्ये जे कोणी होते त्यांनी कृपया एकदा मोठा करून बघा आणि ओळखू आले तर मला एकटीलाच उत्तर पाठवा, सगळ्यांना नको.